सीट तयार, आऊटपास नाही

सावित्री नदीकाठच्या एका घरातला मुलगा सौदीत अडकला होता. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, संपला. कफीलने, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाने, हुरूब लावला, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद केली, आणि पासपोर्ट स्वतःकडेच ठेवला. पकडल्यावर त्याला जेद्दाहजवळच्या शुमैसीच्या तरहीलमध्ये, म्हणजे परत धाडायच्या लोकांच्या कोठडीत, टाकलं.

"तिकिटाची चिंता नको खाला, तिथलं सरकारच काढतं," असं दोस्ताने त्याच्या आईला फोनवर सांगितलं. ते खरंच होतं. विमानतळावरूनच परत धाडलेल्या प्रवाशाचा भार विमान कंपनीवर पडतो. देशात राहिलेल्याला घालवायचं तर तो घालवणाऱ्या सरकारचा. सौदीला त्यासाठी वेगळं विमान लागत नाही, नेहमीच्या प्रवासी विमानातली एक सीट पुरते. मात्र आऊटपास, म्हणजे पासपोर्टऐवजी परतीपुरता मिळणारा कागद, नसेल तर त्या सीटवर कुणी बसू देत नाही. तो देते आपली वकिलात, आणि तिला आधी माणूस भारतीय असल्याची खात्री हवी.

पासपोर्टची झेरॉक्स असती तर काम लवकर झालं असतं. ती २२ जुलै २०२१ च्या पुरात ट्रंकेसकट गेली. मग खालांबरोबर मीही कागद गोळा करत फिरलो. शाळा उंचावर, म्हणून जनरल रजिस्टर वाचलं होतं. त्यावरून दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. मुलाचा जन्म आजोळचा, त्यामुळे जन्मनोंदीसाठी पोलादपूर तालुक्यातली ग्रामपंचायत गाठली. पडताळणीला आलेल्या हवालदाराने ओट्यावर बसून शेजाऱ्यांचे जबाब घेतले. त्याला तासभरही लागला नाही. वेळ गेला तो कागद या कचेरीतून त्या कचेरीत जाण्यात, आणि तेवढे दिवस मुलगा कोंडलेला.

सौदीचं एका सीटवर भागतं, अमेरिका मात्र माणसं परत धाडण्यावर पाण्यासारखा पैसा ओतते. तिथलं सरकार सीएसआय एव्हिएशनसारख्या मध्यस्थ कंपनीशी करार करून विमानं भाड्याने घेतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला तर लष्करी सी-१७ अमृतसरला उतरलं. रॉयटर्सने दिलेल्या आकड्यांनुसार ते उडवायला तासाला सुमारे २८,५०० डॉलर लागतात. आत बेड्या घातलेले १०४ भारतीय, त्यांतले ३ महाराष्ट्राचे. या बेड्यांची मला आजही चीड येते. पण तिथेही आपलं सरकार नागरिकत्व पडताळल्याशिवाय माणूस स्वीकारत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पडताळणीचा कागद आज कुठल्या टेबलावर आहे, हे घरच्यांना फोनवर कळलं पाहिजे. खालांना ते विचारायला दर वेळी एसटीने जावं लागत होतं.