पळणारे अनेक, शिकारी मोजके : भयखेळांतील सर्व्हायव्हरची चार रूपे

एका बाजूला बळाने वरचढ शिकारी, दुसऱ्या बाजूला त्याच्यापासून जीव वाचवू पाहणारे काही जण, आणि दोन्ही बाजूंची सूत्रे इंटरनेटने जोडलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या हाती. ‘असिमेट्रिकल हॉरर’, म्हणजेच असमान बळाचे भयखेळ, या नावाने ओळखला जाणारा व्हिडिओ गेमचा हा प्रकार गेल्या दशकभरात जगभर रुजला आहे. कॅनडातील माँट्रियल येथील बिहेविअर इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा ‘डेड बाय डेलाइट’ २०१६ मध्ये आला. त्यानंतर अमेरिकी भयपटांच्या आधारे ‘फ्रायडे द थर्टीन्थ : द गेम’ (२०१७), ‘ईव्हिल डेड : द गेम’ (२०२२) आणि ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ (२०२३) हे खेळ बाजारात उतरले.

वरवर पाहता या चारही खेळांचे सूत्र एकच वाटते. शिकाऱ्याला चुकवायचे आणि जिवंत राहायचे. प्रत्यक्षात मात्र ‘सर्व्हायव्हर’ म्हणून खेळण्याचा अनुभव प्रत्येक खेळात वेगळा येतो. नकाशे, पात्रे आणि हत्यारे बाजूला ठेवली, तर हा फरक एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. सोबती संकटात असताना त्याला सोडून जाणे फायद्याचे की तोट्याचे? प्रत्येक खेळाच्या नियमांनी या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे, आणि अनोळखी माणसे त्या खेळात एकमेकांशी कशी वागतात, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरते.

असमान डाव जुनाच

असमान बळाचा डाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. ‘विष-अमृत’ या खेळात राज्य असलेल्या गड्याने शिवले की खेळाडू जागीच थिजतो आणि सोबत्याने येऊन ‘अमृत’ म्हणत स्पर्श केला की पुन्हा मोकळा होतो. ‘डबा ऐसपैस’मध्ये राज्य घेणारा एकटा आणि लपणारे अनेक, त्यातल्या एकाने धाडस करून डबा उडवला की त्या एकट्याची सारी मेहनत वाया जाते. पाठलाग, बंदी, सुटका आणि सोबत्यासाठी पत्करलेला धोका हे घटक या दोन्ही खेळांत आहेतच.

फरक आहे तो सवंगड्यांचा. अंगणात रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही. ऑनलाइन खेळात मात्र संगणकाने निवडलेली अनोळखी माणसे पंधरा-वीस मिनिटांसाठी एकत्र येतात आणि बहुधा पुन्हा कधी भेटत नाहीत. तेथे लाजेची वा मैत्रीची भीड नसते. परस्परांना धरून ठेवण्याचे काम नियमांनाच करावे लागते. शिवाय ‘डेड बाय डेलाइट’च्या प्रत्येक सामन्यात पाचपैकी चार जण सर्व्हायव्हर असतात. ही बाजू कंटाळवाणी किंवा अन्यायकारक वाटली, तर शिकाऱ्याला समोर कोणी उरणारच नाही.

डेड बाय डेलाइट : घड्याळाशी शर्यत

या खेळात चार सर्व्हायव्हर आणि एक मारेकरी असतो. आवारात सात जनरेटर विखुरलेले असतात. त्यांतील पाच दुरुस्त झाले की बाहेर पडण्याच्या दरवाजांना वीज मिळते. एकट्या सर्व्हायव्हरला एक जनरेटर दुरुस्त करायला ९० सेकंद लागतात. २०२२ पर्यंत हा काळ ८० सेकंदांचा होता. त्यानंतर दरवाजा उघडण्यासाठी आणखी २० सेकंद. हातात लढण्यायोग्य हत्यार नाही. बहुतेक मारेकऱ्यांचा वेग सेकंदाला ४.६ मीटर आणि पळणाऱ्यांचा ४ मीटर असल्यामुळे सरळ पळून सुटका होत नाही. म्हणून कुशल खेळाडू भिंती, खिडक्या आणि वाटेत आडव्या पाडता येणाऱ्या लाकडी फळ्या यांच्याभोवती घिरट्या घालत मारेकऱ्याला गुंतवून ठेवतो. एक जण मारेकऱ्याला दीड मिनिट फिरवत राहिला, तर तेवढ्या वेळात उरलेले तिघे वेगवेगळे तीन जनरेटर दुरुस्त करू शकतात. सर्व्हायव्हरचे खरे चलन वेळ हेच आहे.

पकडलेल्याला मारेकरी आकड्याला टांगतो. तिसऱ्यांदा टांगले की खेळाडू बाद होतो. तोपर्यंत सोबत्यांना त्याला सोडवता येते, आणि सोडवणाऱ्याला त्याबद्दल गुणही मिळतात. ‘विष-अमृत’शी या खेळाचे नाते येथे जुळते. मात्र प्रत्येकाची सुटका स्वतंत्रपणे मोजली जाते. संघाचा असा विजय नसतो. सगळे बाद होऊन एकच जण उरला, तर त्याच्यासाठी जमिनीतील एक झडप उघडते. त्यामुळे सोबत्याला सोडवावे की त्याच्या मरणाची वाट पाहत झडप शोधावी, हा पेच शेवटच्या दोघांपुढे वारंवार उभा राहतो.

मारेकऱ्याच्या बाजूनेही नियमांतील फटी शोधल्या गेल्या. टांगलेल्या खेळाडूपाशी ठाण मांडून बसणे किंवा सुटलेल्या एकाच्याच मागे हात धुऊन लागणे, या डावपेचांमुळे त्या खेळाडूचा सामना सुरू होताच संपत असे. निर्मात्यांनी त्यावर टप्प्याटप्प्याने उपाय केले. आकड्यावरून सुटलेल्याला काही सेकंदांचे संरक्षण देण्यात आले. मारेकरी आकड्याजवळच रेंगाळत राहिला, तर टांगलेल्याला स्वतःहून सुटता येईल, अशी तरतूद २०२३ मध्ये झाली.

फ्रायडे द थर्टीन्थ : गाडीतली मोजकी जागा

क्रिस्टल लेकच्या काठावरील शिबिरात सात समुपदेशक आणि त्यांच्या मागावर जेसन वूरहीज, असा हा सामना २० मिनिटांचा असतो. वेळ संपेपर्यंत जिवंत राहिले तरी खेळाडू वाचतो. पण त्याआधी निसटण्याचे मार्ग अनेक आहेत. फ्यूज शोधून टेलिफोन सुरू करायचा आणि पोलिसांना बोलावायचे. बॅटरी, पेट्रोल आणि किल्ली जमवून गाडी चालू करायची. किंवा पंखा बसवून होडी पाण्यात लोटायची. हे सुटे भाग लाकडी घरांच्या कपाटांत विखुरलेले असल्यामुळे शोधाशोधीला मोठे महत्त्व येते.

कसोटी लागते ती गाडी सुरू झाल्यावर. एका गाडीत चौघे बसतात, दुसरीत दोघे. पळणारे सात. ज्याने पेट्रोल आणले तो अजून झाडीत आहे, जेसन जवळ येतो आहे आणि किल्ली चालकाच्या हातात आहे. थांबायचे की निघायचे, याचे उत्तर कोणताही नियम देत नाही. चालक एकटा निघून गेला तरी त्याचे काही बिघडत नाही. या मोकळिकीमुळे काही सामने अविस्मरणीय ठरले, तर काही निव्वळ मनस्तापाचे. सुरुवातीला सहकाऱ्यावरही वार करता येत असे. सोबत्याच्याच हातून मरण्याचे प्रसंग वाढल्यावर सार्वजनिक सामन्यांतून ही मुभा काढून घ्यावी लागली.

टेक्सस चेन सॉ : आवाजाची किंमत

‘टेक्सस’मध्ये शिकारीही तीन असतात आणि बळी चार. १९७४ च्या मूळ चित्रपटातील कुटुंब येथे एकत्रितपणे शिकार करते. बळींची सुरुवात तळघरात होते, हात बांधून टांगलेल्या अवस्थेत. घाईने हिसके दिले तर आवाज होतो. सावकाश सुटले तर वेळ जातो. पुढे कुलपे उघडताना, वस्तू शोधताना, दारे ओलांडताना हाच हिशेब चालू राहतो. कुटुंबातील वृद्ध आजोबांना रक्त पाजले की त्यांची शक्ती वाढते आणि हालचाल करणारे बळी कुटुंबाला दिसू लागतात. अशा क्षणी जागच्या जागी स्तब्ध उभे राहणे, हाच बचाव.

येथे पकडलेल्याला टांगून ठेवण्याचा आणि सोडवून आणण्याचा टप्पा नाही. जीव गेला की गेला. त्यामुळे त्यागापेक्षा कामाच्या वाटणीला महत्त्व येते. कोनी ही पात्र कुलूप झटकन उघडते, लेलँड धडक देऊन पाठलाग करणाऱ्याला क्षणभर गारद करतो, ॲनाला दुखापत सोसण्याचे बळ अधिक आहे. फ्यूजपेटी, गाडीची बॅटरी, जनरेटर आणि दाबाची झडप यांच्याशी निगडित असे सुटकेचे मार्ग आहेत. एकाने शत्रूला दुसऱ्या टोकाला खेचले की दुसऱ्याला कुलपापाशी निवांतपणा मिळतो. सोबती येथे ढाल नसून दुसरीकडे उठणारा आवाज असतो.

ईव्हिल डेड : एकटेपणाची शिक्षा

चौघांपैकी सर्वाधिक लढाऊ सर्व्हायव्हर या खेळात आढळतो. त्याच्या हाती बंदूक असते, कुऱ्हाड असते, करवतही असते. चार जणांचा गट आधी नकाशाचे तीन तुकडे शोधतो, मग कंदारियन खंजीर आणि हरवलेली पाने मिळवतो आणि अखेरीस दुष्ट शक्तींशी थेट भिडतो. समोरचा खेळाडू अदृश्य राक्षसाच्या रूपात रानातून फिरतो, सापळे रचतो आणि राक्षसी सैनिकांच्या, झाडांच्या, अगदी सर्व्हायव्हरच्या शरीरातही शिरतो.

त्याला हे शक्य होते भीतीमुळे. प्रत्येक सर्व्हायव्हरच्या भीतीची पातळी खेळात मोजली जाते. गटापासून दूर गेले की ती वाढते, शेकोटी पेटवली की उतरते. ती फार वाढली की राक्षसाला त्या खेळाडूचा ताबा घेता येतो आणि त्याच्याच हातांनी सोबत्यांवर वार करता येतात. मेलेल्या सोबत्याचा आत्मा वेदीपाशी नेऊन त्याला परत आणण्याचीही सोय आहे. जय-पराजय संपूर्ण गटाचा असतो. येथे सोबत्याला सोडून जाणारा आधी स्वतःचेच नुकसान करून घेतो. परोपकार आणि स्वार्थ यांत अंतर उरू नये, अशी ही मांडणी आहे.

बोलावे की गप्प राहावे?

सर्व्हायव्हरांमधील संवादाबाबतही या खेळांची वाट वेगळी आहे. ‘डेड बाय डेलाइट’मध्ये सामना सुरू असताना बोलण्याची सोय नाही. बोट दाखवणे, हात हलवणे एवढेच शक्य. मित्रांचा गट मात्र बाहेरच्या ॲपवर बोलत खेळतो आणि मारेकरी नेमका कोठे आहे, हे एकमेकांना सांगतो. त्यामुळे अनोळखी चौघे आणि मित्रांचे चौघे यांच्या बळात मोठी तफावत पडते, आणि खेळाच्या समतोलाबाबत सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर झडतात.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने नेमका उलटा मार्ग धरला. तेथे बोलता येते, पण आवाज अंतरानुसार ऐकू येतो आणि जवळ असलेल्या जेसनलाही तो ऐकू जातो. दूरच्या सोबत्याशी बोलायचे तर वॉकीटॉकी शोधावा लागतो. कपाटात लपलेल्या खेळाडूने श्वास रोखण्याबरोबर तोंडही बंद ठेवायचे, ही कल्पना भयखेळाला साजेशीच होती.

बाद झालेल्याचे काय?

लवकर बाद झालेल्याने पुढे काय करायचे, हा या प्रकारातील अवघड प्रश्न. ‘डेड बाय डेलाइट’मध्ये तो सामना सोडून लगेच नवा सामना शोधू शकतो. ‘ईव्हिल डेड’मध्ये त्याला परत आणता येते. ‘फ्रायडे’ची युक्ती सर्वांत कल्पक म्हणावी लागेल. कोणी रेडिओवरून मदत मागितली असेल, तर बाद झालेला किंवा निसटलेला एक खेळाडू टॉमी जार्विस या पात्राच्या रूपाने, हाती बंदूक घेऊन, रणात परततो. गेलेल्याला आशा आणि उरलेल्यांना आधार, अशी दुहेरी सोय त्यातून झाली.

खेळच वाचला नाही तर?

या खेळांना आणखी एका प्रकारे जीव वाचवावा लागतो. दोन्ही बाजूंना माणसे लागत असल्याने सर्व्हर आणि खेळाडूंची वर्दळ नसेल, तर विकत घेतलेला खेळही निरुपयोगी ठरतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ चित्रपटाच्या हक्कांवरून पटकथाकार व्हिक्टर मिलर आणि दिग्दर्शक-निर्माते शॉन कनिंगहॅम यांच्यात न्यायालयीन वाद झाला. त्यामुळे २०१८ मध्ये खेळात नवी भर घालणे थांबले. परवान्याची मुदत संपल्याने ३१ डिसेंबर २०२३ नंतर त्याची विक्री बंद झाली. ‘ईव्हिल डेड’ही २०२५ मध्ये विक्रीतून काढण्यात आला. ‘डेड बाय डेलाइट’चा गाभा कंपनीचा स्वतःचा आहे, इतरांची पात्रे त्यात परवान्याने येतात. एखादे पात्र गेले तरी खेळ चालू राहतो, आणि त्याच्या दीर्घायुष्यामागचे हे एक कारण आहे.

नव्याने खेळू पाहणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, खेळ अद्याप विकला जातो का आणि त्याचे सर्व्हर चालू आहेत का. दुसरी, आपण कोणासोबत खेळणार आहोत. मित्रांचा गट असेल, तर ‘टेक्सस’मधील कामाची वाटणी रंगते. अनोळखी लोकांत एकटे उतरायचे असेल, तर सोडवणाऱ्याला मोबदला देणारा ‘डेड बाय डेलाइट’ अधिक सुसह्य ठरतो. माणसे चांगली वागतील, या भरवशावर ‘फ्रायडे’ने गाडीची किल्ली चालकाच्या हाती दिली होती. त्याच्या सोबत्यांवर वार करण्याची मुभा काढून घ्यावी लागली, यातून नंतरच्या निर्मात्यांना घेण्यासारखे बरेच आहे. अनोळखी माणसांच्या खेळात सोबत्याला वाचवणे हे केवळ चांगुलपणावर सोडून चालत नाही. नियमांनी ते फायद्याचेही करावे लागते.