न दिसणारे कुंपण

आमच्या घरासमोरून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता आहे. पुढे अंगण, मागे परसू आणि कुंपण म्हणायचे तर मेंदीची एक मोडकीतोडकी रांग. 2023 सालच्या डिसेंबरात, उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असताना, आमचा टिप्या त्या रांगेतून बाहेर पडला आणि भरलेल्या ट्रॉलीखाली सापडला. सात वर्षांचा होता. बाबांनी त्याला परसातल्या फणसाखाली पुरले, आणि त्यानंतर आठ दिवस घरात कुणी कुत्र्याचे नाव काढले नाही.

पुढच्या पावसाळ्यात धाकट्या भावाने कुठून तरी एक पिल्लू उचलून आणले, आणि तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. आईचे म्हणणे, साखळीला बांधा. बाबांचे म्हणणे, बांधलेले कुत्रे चिडके होते. एवढ्यात अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फोन आला. तो म्हणाला, "अगं, जमिनीखालचं कुंपण घाला. माझ्या कुत्र्याला मी तेच केलंय. दिवाळीला येताना एक संच घेऊन येतो." आईने हे ऐकले मात्र आणि कपाळाला हात लावला. "जमिनीत करंट सोडायचा? आणि पोरं अंगणात अनवाणी फिरतात ती?"

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. विजेशी माझा संबंध महिन्याचे बिल भरण्यापुरता. परंतु घरात दोन तट पडले तेव्हा खरे काय ते पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी चुकल्यास कान धरावा.

प्रथम आईच्या भीतीविषयी. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या भागात 'कुंपण' आणि 'करंट' हे दोन शब्द एकत्र आले की माणसाच्या डोळ्यांपुढे मृत्यूच उभा राहतो. खानापूरकडे रानडुक्कर आणि गव्यांपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी तारा ओढतात. त्यात दोन प्रकार आहेत, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक 'झटका मशीन'. त्यातून वीज अखंड वाहत नाही. सेकंदाला साधारण एक, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळाचा, असा ठोका येतो. जनावर दचकते, मागे सरते आणि तार सोडू शकते. दुसरा प्रकार म्हणजे घराच्या किंवा पंपाच्या लाइनवरून सरळ तारेत वीज सोडणे. हा गुन्हा आहे, आणि हत्ती, गवे व माणसे मरतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारात. अखंड वाहणारी वीज स्नायूंना आखडून धरते, मग तार सोडू म्हटले तरी सुटत नाही.

कुत्र्यांचे जमिनीखालचे कुंपण या दोन्हींपैकी नव्हे. त्यातल्या तारेला हात लावला तर काहीच होत नाही. अनवाणी पोरे तर सोडाच, कुदळीने ती तार तुटली तरी कुणाला झटका बसायचा नाही. मग कुत्रे अडते कशाने?

ही कल्पना रिचर्ड पेक या अमेरिकन गृहस्थाची. 1973 साली त्याला तिचे पेटंट मिळाले. तिचा जन्म अमेरिकेत व्हावा हे साहजिकच होते. तिकडे पुष्कळ वसाहतींत घरांपुढची हिरवळ रस्त्यापर्यंत मोकळी असते, आणि वसाहतीच्या नियमानुसार पुढल्या बाजूला भिंत किंवा जाळी घालायला परवानगी नसते. कुत्रे तर मोटारीखाली जाता कामा नये. तेव्हा दिसणार नाही असे कुंपण हवे.

त्याची रचना अशी. घरात भिंतीवर एक लहान पेटी असते, ती विजेवर चालते. तिच्यातून एक रबरी वेष्टनाची तार निघते, ती आवाराच्या कडेने बोट-दोन बोटे खोल पुरत नेऊन परत पेटीला आणून जोडायची. वर्तुळ पुरे झाले पाहिजे. मध्ये तुटले की काम बंद. पेटी या तारेत अगदी दुबळा, रेडिओच्या जातीचा संदेश सोडते. कुत्र्याच्या गळपट्ट्यात एक डबी असते आणि तिच्यात तारेचे वेटोळे. दहावीला आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकलो, त्याचाच हा उपयोग. कुत्रे पुरलेल्या तारेच्या जवळ आले की डबीतल्या वेटोळ्याला संदेश लागतो. आधी नुसता 'टिट्‌ टिट्‌' असा इशारा वाजतो. कुत्रे तरीही पुढे गेले, तर डबीखालच्या दोन धातूच्या खुंट्यांतून त्याच्या मानेला झटका बसतो. हा झटका येतो डबीतल्या बॅटरीतून. जमिनीतली तार केवळ हद्द दाखवते.

त्यातली एक युक्ती मला फार आवडली. पेटीपासून आवाराच्या कडेपर्यंत तार न्यायची तर ती अंगणातूनच जाणार, मग अंगणाच्या मध्यावर कुत्र्याला झटका बसेल की! म्हणून तेवढ्या भागात जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा वेणीसारख्या एकमेकींत पिळतात. एकीतला प्रवाह दुसरीच्या उलट असल्याने दोघींचा परिणाम एकमेकांना छेदून शून्य होतो. आमच्या खतावणीत नावे आणि जमा सारखे झाले की बाकी शून्य, तसे.

आता झटक्याकडे वळू. त्याचा दाब काही हजार व्होल्ट असतो असे वाचून मीही घाबरले होते. पण केवळ व्होल्टवर काही ठरत नाही. थंडीच्या दिवसांत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी दाराला बोट लावताना जो चटका बसतो, तोही हजारो व्होल्टचाच. त्यातली ऊर्जा इतकी थोडी आणि वेळ इतका अल्प असतो की इजा होत नाही. शिवाय गळपट्ट्याच्या दोन खुंट्यांतले अंतर इंच-दीड इंच. वीज एकीतून निघून मानेच्या कातडीतून दुसरीत जाते. हृदयाकडे तिची वाट नाही. तेव्हा या झटक्याने धडधाकट कुत्रे मरते ही समजूत चुकीची आहे. मात्र मरत नाही म्हणजे दुखत नाही, असेही नव्हे. दुखावे म्हणूनच तर तो दिलेला असतो.

प्रत्यक्षात जखमा होतात त्या वेगळ्याच कारणाने. खुंट्या कातडीला टेकल्या नाहीत तर झटका लागत नाही, म्हणून पट्टा घट्ट बांधतात. तो दिवसरात्र तसाच राहिला की खुंट्यांच्या दाबाने तिथले रक्त अडते, कातडी ओलसर राहते, चिघळते, आणि पुढे मांस कुजू लागते. पुष्कळ लोकांना वाटते की हे विजेने भाजले. वास्तविक ते अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला पडतात त्या जातीचे क्षत असते. पट्टा रात्री काढावा, आठ-दहा तासांहून अधिक ठेवू नये, जागा बदलावी, असे याकरता सांगतात. हे समजल्यावर मी दादाला व्हिडिओवर त्याच्या कुत्र्याची मान दाखवायला सांगितली. केस बाजूला केले तर दोन लालभडक ठिपके. दादा गप्पच झाला. पट्टा त्याने महिनाभर काढलाच नव्हता.

येथवर हा केवळ निगराणीचा प्रश्न आहे, असे म्हणता येईल. खरी अडचण कुत्र्याच्या डोक्यात आहे. आमच्या हिशेबशास्त्रात 'ख्याती' नावाची एक मालमत्ता असते. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, ग्राहकाच्या मनात असते तोवरच ती असते. हे कुंपणही तसेच. कुत्र्याने मानले तर आहे. त्यासाठी पहिले एक-दोन आठवडे हद्दीवर बारीक झेंड्या रोवून, दोरीला धरून त्याला शिकवावे लागते की इशारा वाजला की मागे फिरायचे. हे न करता नुसता पट्टा बांधला तर कुत्र्याला कळत नाही की झटका कशामुळे बसला. त्या क्षणी जे समोर दिसले त्याच्यावर ते आळ घेते. समोर टपालवाला असेल तर टपालवाला, शेजारचे मूल असेल तर मूल. 2000 साली अमेरिकेत अशी पाच प्रकरणे नोंदली गेली, ज्यांत या कुंपणातल्या कुत्र्यांनी माणसांवर हल्ला केला होता. पाच ही संख्या थोडी आहे, तीवरून सरसकट निष्कर्ष काढू नये हे मलाही कळते. परंतु 2007 साली जर्मनीत बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगातही हेच दिसले, की झटका कशाचा हे ज्यांना उमगले नाही त्यांच्या शरीरात ताणाचे लक्षण सर्वांत जास्त वाढले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2016 साली इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाने अशा कुंपणात दीर्घकाळ राहिलेल्या मांजरांचा अभ्यास केला, त्यात त्यांच्या स्वास्थ्यावर कायमचा दुष्परिणाम आढळला नाही. मांजर आणि कुत्रे यांचे स्वभाव सारखे नाहीत, एवढेच मी म्हणेन.

आणि कुत्रे अडते का? ओहायोतल्या अभ्यासात, 2017 साली, पाळलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारले तेव्हा अशा कुंपणातली 44 टक्के कुत्री कधी ना कधी पळालेली निघाली; प्रत्यक्ष भिंत-जाळीच्या कुंपणात हे प्रमाण त्याच्या सुमारे निम्मे होते. मांजर दिसले, फटाका वाजला की कुत्रे तो एक क्षणाचा झटका सोसून पार होते. पुढची गंमत तर अशी की बाहेर गेल्यावर त्याचा आवेश ओसरतो आणि परत यायचे तर पुन्हा झटका! मग ते रस्त्याच्या कडेला घराकडे तोंड करून उभे राहते. आमच्या रस्त्यावर अशा जागी उभे राहणे म्हणजे काय हे मी सांगायला नको.

वीज गेली की हेही कुंपण गेले. आमच्याकडे पहिल्या वळवाला वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नाही, आणि गडगडाटाने बिथरलेले कुत्रे पळते तेही नेमके त्याच वेळी.

या सर्वांहून मोठी गोष्ट शेजारच्या अज्जींच्या लक्षात आली. मी कन्नडातून त्यांना हे यंत्र समजावून सांगत होते. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आणि बाहेरची नायी आत येईल तिचं काय?" मी निरुत्तर झाले. हद्द फक्त पट्टेवाल्या कुत्र्याला. रस्त्यावरच्या टोळीला, पिसाळलेल्याला, चोराला ती नाहीच. आपले कुत्रे मात्र पाठीमागे झटका असल्यामुळे पळूनही जाऊ शकत नाही. अज्जींनी लगेच म्हण ऐकवली, "बेलिये एद्दु होल मेय्दंते", म्हणजे आपले 'कुंपणच शेत खाते'. वेल्सच्या सरकारने 2010 साली झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली, त्यात ही कुंपणेही आली. उत्पादकांनी ती बंदी न्यायालयात नेली, पण ती टिकली.

म्हणून आईची साखळी बरी, असे मात्र कुणी समजू नये. आपल्याकडच्या 1960 सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. आईला ते कलम मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "कायदा करणाऱ्यांच्या घरासमोर उसाच्या ट्रॉल्या जात नव्हत्या वाटतं." पण साखळी खुंटीवर गेली.

शेवटी दादाला संच आणू नको असे कळवले. त्यानेही आता आपल्या कुत्र्याचा पट्टा रात्री काढायला सुरुवात केली आहे आणि मागल्या अंगणात लाकडी फळ्यांचे कुंपण घालायला वसाहतीची परवानगी मागितली आहे. आम्ही मेंदीच्या आतून चार फुटी जाळी मारून घेतली. बाबांनी खर्च पाहून दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. जाळी बसवणाऱ्याने खालचा काठ वीतभर जमिनीत पुरा म्हणून सांगितले होते, ते फाटकापाशी राहून गेले. पिल्लाने ती जागा तिसऱ्याच दिवशी हेरली. सध्या तिथे चिऱ्याचे दोन दगड आहेत, आणि रोज सकाळी कॉलेजला निघताना ते जागेवर आहेत ना हे पाहण्याचे काम माझे.