डोंबिवली स्टेशनावर सुचलेली संख्या

किन्हवलीचा माणूस मुंबईला निघाला की एसटीने शहापूर गाठतो आणि आसनगावहून लोकल पकडतो. वासिंद, टिटवाळा, कल्याण करत डोंबिवली येते. तिथल्या रेटारेटीत कुणाला गणित सुचेल यावर आज विश्वास बसायचा नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना सुचलं. जन्म 1905 चा, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच. पुढे आसनगावच्याच लाइनीवर, कसारा घाटापलीकडच्या देवळालीत ते 1962 पर्यंत शाळामास्तर होते. जी.आय.पी. रेल्वेच्या जमान्यात डोंबिवलीला डेम्लो म्हणत, म्हणून मास्तरांनी तिथे सुचलेल्या संख्यांना नाव दिलं ‘डेम्लो संख्या’.

त्यांतली सर्वांत देखणी ही:

12345678987654321

उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. सतरा आकडी. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थाननामांत सतराव्या स्थानाचं नाव आहे ‘मध्य’. मधोमध दुमडता येणाऱ्या संख्येची सुरुवातच ‘मध्य’पासून व्हावी, हा निव्वळ योगायोग, पण गोड आहे.

ही आली कुठून? 111111111 ला 111111111 नेच गुणा. दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो, पण पाटी-पेन्सिल पुरते. आधी 111 गुणिले 111 करा. 111 लिहा, खाली एक घर डावीकडे सरकवून पुन्हा 111, त्याखाली आणखी एक घर सरकवून 111. आता उभ्या रकान्यांत किती एक जमले ते मोजा: कडेला एक, मग दोन, मधे तीन, पुन्हा दोन, एक. उत्तर 12321. म्हणजे इथे गुणाकार असा नाहीच, नुसती मोजदाद आहे. नऊ ओळी मांडल्या की रकाने नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात, कौलारू घराच्या दोन पाख्यांसारखे.

आणखी गंमत. तिचे सगळे आकडे मिळवा: 81, म्हणजे नऊचा वर्ग. 111 च्या वर्गात हीच बेरीज 9, तीनचा वर्ग. तीन ओळींत तीन-तीन एक, नऊ ओळींत नऊ-नऊ. दुसरं काय होणार? अवयव पाडले तर मात्र 3 आणि 37 च्या शेजारी 333667 ही दांडगी मूळ संख्या निघते. वरच्या साध्यासुध्या चेहऱ्यावरून याचा पत्ता लागत नाही.

कापरेकरांचं नाव लोकांना माहीत आहे ते 6174 या संख्येमुळे. मला विचाराल तर डेम्लो संख्या उजव्या, कारण त्यांचं गुपित चौथीतल्या पोरालाही फोडता येतं: कुठल्याच रकान्यात हातचा येत नाही.

एक हा आकडा दहा वेळा घेतला की मात्र येतो. मधल्या रकान्यात दहा जमतात आणि उत्तर निघतं 1234567900987654321. उजवी बाजू शाबूत आहे. डाव्या बाजूचा आठ गायब आहे. तो कुठे गेला ते कागदावर हातचे धरून तुम्हीच शोधा.