दाबा, धरा, सोडू नका!

परवा एका रविवारी सासूबाईंना घेऊन आम्ही जोतिबाला गेलो होतो. येताना उतारावर हे एकदम म्हणाले, "अगं, ब्रेक पार खालीच चाललाय!" गाडी वीस वर्षांची, मागे सासूबाई आणि मुलं. माझ्या तर पोटात गोळाच आला. ह्यांनी गिअर खाली घेतला, ब्रेक भराभर मारला, हँडब्रेक बेताबेताने ओढला आणि गाडी कडेला लावली.

अर्ध्या तासाने बघतात तर ब्रेक पुन्हा छान! "झालं, काही नाही," म्हणत हे निघाले. मी मात्र हटून बसले. शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना तिथंच बोलावलं.

त्यांनी ब्रेक ऑइल दाखवलं. उकळून ठेवलेल्या चहासारखं काळं! हे तेल हवेतला ओलावा शोषतं. नवं 'डॉट ३' तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की १४०च्या आसपासही उकळू शकतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळ ते तापतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो. गार झालं की वाफ जिरते. म्हणजे ब्रेकचं ते 'बरं होणं' फसवंच!

"वैनी, तुमी ब्रेकवर बसा," मिस्त्री म्हणाले. चाकांना दगड लावले. मी ब्रेक दाबून धरायचा, ते चाकामागचा निपल सैल करणार, नळीतून बाटलीत बुडबुडे येणार. "सोडू नगा!" निपल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत. वरची टाकी रिकामी पडू न देण्याचं काम ह्यांच्याकडे. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं झाली, स्वच्छ तेल आलं आणि पायाखाली ब्रेक घट्ट लागला.

मैत्रिणींनो, गाडी आपण चालवत नसलो तरी एवढं लक्षात ठेवा. ब्रेक स्पंजासारखा लागला तर आत हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेला तर मास्टर सिलिंडर खराब किंवा कुठेतरी गळती. गाडी एका बाजूला ओढली तर दोन्ही बाजूंच्या चाकांची तपासणी. तेल कमी झालं तर नुसतं वरून भरू नका, का कमी झालं ते विचारा. उतारावर खालचा गिअर ठेवा. आणि दर दोन वर्षांनी तेल बदला.

मी तर ती तारीख कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवली आहे!