आत्मपर दृक्‌श्राव्य रचना आणि प्रतीक : ओवीच्या संदर्भात

स्वतःच्या अंतरंगाविषयी दृक्‌श्राव्य रचना करणाऱ्यासमोरचा मूलभूत प्रश्न तंत्राचा नसून दृश्यतेचा असतो. कॅमेरा चेहरा टिपतो. अंतरंग मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते संवेद्य कसे करावयाचे, याचे एक उत्तर मराठी मौखिक परंपरेत आढळते.

पहाटेच्या अंधारात दळणारी स्त्री कोणाच्या नजरेसमोर नसते. जात्यालाच ईश्वर मानून ती त्याच्यापाशी मन मोकळे करते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. शिरूर तालुक्यातील सविंदणे येथील ओव्याही त्यांत आहेत. यांपैकी काही गायिका पुढे व्हिडिओतूनही समोर आल्या. तेथे गळा तोच राहतो, परंतु एकांत उरत नाही. आत्मनिवेदनाचे सादरीकरण होते.

पायल कपाडिया यांच्या ‘अँड व्हॉट इज द समर सेइंग’ (२०१८) या लघुपटात हा एकांत वेगळ्या रीतीने राखला गेला आहे. भीमाशंकरच्या अरण्यालगतच्या कोंढवळ गावातील स्त्रिया हरवलेल्या प्रेमाविषयी कुजबुजतात. त्या ऐकू येतात, पण दिसत नाहीत. पडद्यावर रान, दुपार आणि जमिनीतून निघणारा धूर असतो. आवाज आणि चेहरा यांची फारकत झाल्याने बोलणारीला आडोसा मिळतो आणि धुराला प्रतीकाचे सामर्थ्य लाभते. हा धूर कशाचा, याचा एकच एक उलगडा होत नाही. प्रतीक आणि संकेतचिन्ह यांतील भेद येथेच आहे.

अर्थात, हे अंतरंग त्या स्त्रियांचे, रचना दिग्दर्शिकेची. स्वतःविषयीच रचना करताना हा आडोसा स्वतःच उभारावा लागतो. भीमाशंकरी उगम पावणारी भीमा शिरूर तालुक्यातूनही वाहते. शिक्रापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने मोबाईलवर अशी रचना करावयाचे ठरविले, तर पिंजऱ्यातील पक्षी वा विझती पणती ही उसनी प्रतीके तिच्या उपयोगाची नाहीत. घरात गिरणीचे पीठ येऊ लागल्यावर अंगणात पडून राहिलेली जात्याची तळी, खुंटा निखळलेली पाळू आणि पलीकडून ऐकू येणारी पुणे-नगर रस्त्यावरची वाहने, एवढी सामग्री तिला पुरेशी ठरू शकेल. मात्र या वस्तूशी तिचा स्वतःचा संबंध असला पाहिजे. अन्यथा जातेही केवळ शोभेचे होईल.

अशा रचनांचे मूल्यमापन मराठीच्या अध्यापकाकडे आले, तर छायाचित्रणाच्या सफाईपेक्षा कोणते बोलणे दृश्याआड राखले आहे, हे त्याने आधी पाहावे. आत्माविष्कार म्हणजे सर्व उघड करणे नव्हे, हे ओवीने पूर्वीच सिद्ध केले आहे.