एका ठोक्याची किर्द

माळ्यावर पडून असलेल्या जुन्या किर्दींपैकी 1996 ते 1999 या सालांच्या वह्या परवा खाली काढल्या, तेव्हा जमाखर्चाच्या त्या रुक्ष रकान्यांतून एका मालमोटारीच्या दुखण्याची साद्यंत कैफियत पानापानाने उलगडत गेली. आणि ज्या दुखण्याचा दोष त्या काळी मी चालकाला, रस्त्याला आणि प्रसंगी ग्रहमानालाही देत होतो, ते वास्तविक माझ्याच हयगयीचे फळ होते, ही गोष्ट माझ्याच हस्ताक्षराच्या साक्षीने मला आता कबूल करावी लागत आहे.

गाडी टाटांची बारा-दहा, 1984 सालची. म्हणजे भारतीय रेल्वेसाठी चाके आणि आस घडविणारा कारखाना येलहंक्यात ज्या वर्षी सुरू झाला, त्याच वर्षीची. वडिलांनी ती घेतली तेव्हा केंपेगौडांच्या घराण्याचे हे मूळ ठाणे बंगळूरच्या पोटात अद्याप गेलेले नव्हते. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली तेव्हापासून या मुलखात मराठी बोलणे ऐकू येते असे अभिमानाने सांगणारी घरे येथे आहेत. आमचे त्यांतले नव्हे, आम्ही आजोबांच्या वेळी बेळगावाहून आलेले, आणि आमचा अभिमान काय तो त्या मालमोटारीपुरता. दोड्डबळ्ळापूर आणि चिक्कबळ्ळापूर भागात पिकणारी काळीभोर बेंगलोर ब्ल्यू द्राक्षे हंगामात शहराच्या बाजारात पोहोचविणे, आणि एरवी मिळेल तो माल वाहणे, हा तिचा नेम.

1996 साली येथील हवाई दलाच्या तळावर एरो इंडियाचे पहिले प्रदर्शन भरले. त्या दिवसांत, आकाशातील गर्जना क्षणभर थांबली की, उभी गाडी हलताना तिच्या पोटातून येणारा एक बोदा ‘ठक्’ असा आवाज मला प्रथम स्पष्ट ऐकू आला. क्लच सोडताना एक ठोका, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताना दुसरा, आणि पुन्हा दाबताना तिसरा. त्याच्याही आधी काही महिने, गाडी सावकाश मागे घेताना, खालून चिमणीसारखी चिवचिव येते असे क्लीनर सांगत असे. मी हसून सोडून दिले होते. ज्याला पुढे ठोका म्हणून ओळखले, त्याचीच ती पूर्वसूचना होती.

त्यानंतरची पाने म्हणजे खर्चाची निव्वळ उतरंड. प्रथम इंजिनाची फाउंडेशन रबरे बदलली. मग क्लच प्लेट. ठोका कायम राहिल्यावर एका मोठ्या गॅरेजात (त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही) फैसला झाला की क्राउन-पिनियन झिजले आहे. आणि द्राक्षांच्या दोन हंगामांची बचत त्या एका जोडीवर खर्ची पडली. महिनाभर ठोका किंचित सौम्य झाल्यासारखा वाटला, कदाचित पैसे मोजल्यामुळेच. परंतु त्याच्या जोडीला चाळीसच्या वेगाला एक घरघर नव्याने सुरू झाली, आणि नवे दात बसेपर्यंत असे चालायचेच, हे उत्तर मी निमूटपणे ऐकून घेतले.

ज्यांनी हे कोडे सोडविले ते दखनी बोलणारे एक वृद्ध मिस्त्री. जुन्या येलहंक्यात झाडाखाली त्यांचे काम चाले. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी माझी रीतसर जबानीच घेतली: आवाज एकदाच येतो की वेगाबरोबर वाढत जातो? भरल्या गाडीत जास्त की रिकाम्या? एकदाच येत असेल तर तो ढिलाईचा, कारण ओढीची दिशा बदलली की मधली सारी मोकळीक एका झटक्यात भरून निघते. वेगाबरोबर वाढत असेल तर तो फिरणाऱ्या भागाचा. मग सपाट जागेवर चाकांना पुढेमागे दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून, ते खाली सरकले आणि प्रॉपलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून, प्रत्येक सांध्यापाशी खडूची रेघ ओढून, कोणता भाग किती हलल्यावर पुढचा हलू लागतो हे पाहत गेले. पिनियनपाशी मोकळीक होती ती हवी तेवढीच होती. मागच्या क्रॉसपाशी मात्र रेघा बोटभर चुकत होत्या, आणि त्याच्या एका कपाभोवती तांबूस भुकटी साचली होती.

क्रॉस म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर सुईसारख्या बारीक रुळांच्या बेअरिंगचे कप. आमच्या क्रॉसच्या चारपैकी एका वाटेत वाळलेले ग्रीस अडकले होते, म्हणून गन लावली तरी तीनच कपांतून ग्रीस बाहेर डोकावे. चौथा कोरडा राहून गंजला, चिवचिवला, आणि शेवटी त्याच्या सुयांनी पोलादात चर पाडले. चारही बाजूंनी ताजे ग्रीस दिसेपर्यंत गन सोडू नये, एवढी साधी ताकीद मी माणसांना कधी दिली नव्हती.

घरघरीचे मूळ त्याहून सूक्ष्म होते. ज्याला युरोपात कार्डानोचे आणि हूकचे नाव चिकटले, त्या या सांध्याचा एक जन्मजात स्वभाव असा की, तो कोनात फिरत असताना पुढच्या दांड्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्क्याचा असतो. दांड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत असले तरच एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. क्राउन-पिनियनच्या कामासाठी शाफ्ट उतरविणाऱ्याने, बाणांच्या खुणा न पाहता, तो सरकत्या जोडात एका दाताने चुकवून बसविला होता. आणि त्या थरथरीने सेंटर बेअरिंगचे रबर फाटत आले होते.

दोन क्रॉस, एक सेंटर बेअरिंग, मागच्या पाट्यांचे ढिले यू-बोल्ट आवळणे: दीड दिवसाचे काम. किर्दीत त्याची नोंद एका ओळीत मावली आहे, आणि तिच्यातील रक्कम क्राउन-पिनियनच्या दशांशालाही पोहोचत नाही. काढून टाकलेली जुनी जोडी मिस्त्रींनी हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली. तिचे दात आणखी दहा वर्षे टिकले असते, एवढेच ते म्हणाले.

त्यानंतरच्या वह्यांत दर पंधरवड्याला ग्रीसचा खर्च नेमाने पडलेला दिसतो. 2004 साली गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याला कागदपत्रांबरोबर ग्रीसगनही दिली.