देवाचे नाव, माणसाचे लोखंड

भोर-वेल्ह्याकडच्या श्रोतेहो, राजगड-तोरणा ज्यांच्या उंबऱ्यासमोर, त्यांना भवानी तलवार मी काय सांगावी? पण हल्ली पोरे मोबाईलवर, संगणकावर खेळतात. २००४ साली निघालेल्या ‘फेट स्टे नाइट’ या जपानी खेळात गिल्गमेश राजा येतो, नि त्याच्या हाती ‘एआ’ नावाची अचाट तलवार! पोरांना ती पाठ असते. आता गंमत पाहा. हा गिल्गमेश इराकमधल्या प्राचीन उरुक नगरीचा, आणि तिथल्या कथांत एआ म्हणजे तलवार नव्हेच. तो शहाणपणाचा नि गोड्या पाण्याचा देव. खेळ रचणाऱ्यांनी देवाचे नाव शस्त्राला दिले. मूळ महाकाव्यात गिल्गमेशाच्या कुऱ्हाडी-तलवारी कारागीरच ओततात.

आपल्याकडेही तेच झाले. ‘शिवभारत’ हे शिवरायांच्याच काळातले संस्कृत काव्य. त्यात अफजलखानाच्या प्रसंगी भवानी देवी महाराजांच्या खड्गात वास करते. तलवार आकाशातून पडली नाही. त्या काळी युरोपातली सरळ, लांब पाती पोर्तुगीज बंदरांतून इकडे येत, मूठ इथे बसे. तिला ‘फिरंग’ म्हणत. तेव्हा गुरुजी, “देवीने खरेच दिली का?” असे पोराने विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. श्रद्धा कुठली नि पोलाद कुठले, दोन्ही सांगा.

कोल्हापूरची ‘जगदंबा’ तलवार १८७५ साली इंग्लंडच्या युवराजाला भेट गेली. ती अजून तिथल्या राजघराण्याच्या संग्रहातच आहे.